आधी पाणी, मग वाफ, शेवटी ऊन

गणपतीला कोकणातल्या घरी गेलेल्या अनेकांना गेल्या काही वर्षांत एक वास ओळखीचा झाला आहे. जिना चढून माळ्यावर गेले की तो नाकात शिरतो. तीन-चार वर्षांपूर्वी हौसेने माळ्याची खोली केलेली असते. कौलांखाली चकचकीत फॉईल ठोकलेली, तिच्याखाली जिप्समचे सपाट छत, दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींना आतून थर्माकोल, त्यावर पीव्हीसीचे पॅनेल आणि भिंतीवर एसी. मे महिन्यात ही खोली म्हणजे घरातली सगळ्यात सुखाची जागा. ऑगस्टअखेर मात्र त्याच छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके उमटलेले असतात, गादीला कुबट वास येतो, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढरट-हिरवी लव धरलेली असते. एखादे पॅनेल उचकटून पाहिले तर मागची लाकडी रीप बोटाने दाबली जाते. आणि रात्री त्या खोलीत निजवलेले पोर पहाटे खोकत उठते.

ठेकेदाराला बोलावले की उत्तर ठरलेले असते. केमिकल मारू, वर बुरशीविरोधी रंग देऊ, पाच वर्षे बघायला नको. पुढच्या श्रावणात ठिपके पुन्हा हजर. मग घरातली माणसे आपसात म्हणतात, ‘कोकणातले घर, ओल असायचीच.’

या वाक्यातच सगळी गफलत आहे. कोकणात पाऊस असायचाच. घरात ओल असायचीच असे नाही. माळा थंड करण्याचा खर्च वाया जातो तो पावसामुळे नव्हे, क्रम चुकल्यामुळे. घर उन्हापासून वाचवण्याआधी ते पाण्यापासून आणि वाफेपासून वाचवावे लागते. आपल्याकडे नेमके उलटे होते. उन्हावरचा उपाय आधी विकत घेतला जातो आणि पाण्याचा विचार डाग पडल्यावर सुरू होतो.

जुना माळा काय करत होता?

मंगळूरमध्ये बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती कौले साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. त्याआधी नळीची कौले होतीच. या छपरांचा एक गुण फारसा बोलला जात नाही. ती पाणी अडवतात, पण हवा अडवत नाहीत. कौलाकौलांतल्या फटींतून आणि वळचणीखालून वारा आत शिरतो, तापलेली हवा आढ्याकडे चढते आणि तिथल्या फटींतून निघून जाते. पावसाच्या मोठ्या सरीत कौल थोडे पाणी पिते, उघडीप मिळाली की दोन्ही बाजूंनी वाळते. खाली चूल पेटलेली असे, तिची ऊब आणि धूर माळ्यावरून जात असे, त्यामुळे वासे कोरडे राहत आणि वाळवीही दूर राही. म्हणजे छप्पर भिजत नव्हते असे नाही. भिजल्यावर त्याला वाळायला वाट होती.

पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंतींवर पावसाची झड बसते. तिथे मिरगाआधी नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधण्याची रीत होती. झाप आणि भिंत यांच्यात वीतभर मोकळी जागा राही. सर झापावर आदळून खाली निथळे, भिंतीपर्यंत पोहोचलेला ओलावा त्या मोकळ्या जागेतल्या वाऱ्याने वाळे. आज परदेशातले वास्तुविशारद भिंतीपुढे थोडी पोकळी सोडून बाहेरचे आवरण बसवतात. त्यामागचे शास्त्र या झापाचेच आहे.

याचा अर्थ जुने ते सोने असा काढायचे कारण नाही. त्या माळ्यावर धूळ पडे, उंदीर आणि विंचू असत आणि मे महिन्यात दुपारी तिथे बसवत नसे. म्हणूनच तिथे माणसे झोपत नव्हती. नारळ, कांदे, भांडीकुंडी आणि बियाण्याचे भात ठेवले जाई. घरात माणसे वाढली, पर्यटकांना खोल्या देण्याचा जोडधंदा आला आणि माळ्याची जागा मोलाची झाली. उन्हाची काहिलीही वाढत चालली आहे. माळा राहण्याजोगा करणे ही चैन नाही. प्रश्न तो कसा करायचा एवढाच आहे.

वाफेचा हिशेब

घरात पाणी शिरण्याचे मार्ग साधारण तीन. पावसाचे पाणी छपरातून आणि भिंतीतून येते. जमिनीतले पाणी चिऱ्याच्या किंवा विटेच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते. तिसरा मार्ग हवेतल्या वाफेचा. पहिले दोन दिसतात, म्हणून त्यांच्यावर खर्च होतो. तिसरा दिसत नाही आणि माळ्याच्या खोलीचे खरे नुकसान तोच करतो.

चार माणसांचे कुटुंब श्वास, घाम, अंघोळ, स्वयंपाक आणि घरात वाळत घातलेले कपडे यांतून दिवसाला सुमारे १० लिटर पाणी हवेत सोडते. गॅसची भर वेगळी. एलपीजी म्हणजे प्रामुख्याने प्रोपेन आणि ब्युटेन. ते जळताना त्यांतल्या हायड्रोजनचे पाणी होते, एक किलो गॅसमागे साधारण दीड किलोहून थोडे जास्त. म्हणजे १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत स्वयंपाकघराच्या हवेत सुमारे २२ लिटर पाणी वाफ होऊन मिसळलेले असते. त्यात भाताच्या आणि डाळीच्या भांड्यांतून निघणारी वाफ धरलेली नाही. गरम, दमट हवा वर चढते. वर काय असते? माळा.

आता बाहेरच्या हवेचे पाहू. जुलैतल्या एखाद्या दिवशी किनाऱ्यावर तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर त्या हवेच्या दर घनमीटरमध्ये सुमारे २३ ग्रॅम पाणी असते. हवा २५ अंशांच्या आसपास थंड झाली की ती पूर्ण भरते आणि त्याहून थंड पृष्ठभागावर दव धरू लागते. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो तो असाच. माळ्याच्या खोलीत एसी २२ अंशांवर लावला की आतले पॅनेल जवळपास तेवढेच थंड होते. फॉईलच्या जोडांतून आणि कौलांखालून आलेली बाहेरची हवा पॅनेलच्या मागच्या बाजूला टेकते आणि दर घनमीटरमागे तीन-चार ग्रॅम पाणी तिथे सोडून जाते. हवा सारखी येत राहते, पाणी सारखे साठत राहते. समोरून खोली कोरडी ठणठणीत आणि पाठीमागे पॅनेल घामेजलेले, असा प्रकार होतो. गळती नसतानाही रिपा कुजतात त्या यामुळे.

ओले झालेले उष्णतारोधकही कामातून जाते. रॉकवूल किंवा थर्माकोल थंडावा राखतात तो त्यांच्यात अडकलेल्या स्थिर हवेमुळे. पाणी हवेपेक्षा वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहते. रॉकवूल भिजले की त्याच्यासाठी मोजलेले पैसे त्याच्याबरोबर भिजतात. वाळायला जागा नसेल तर ते ओल धरून ठेवते आणि शेजारच्या लाकडाला पुरवत राहते. लाकडातले पाणी सुमारे २० टक्क्यांच्या खाली राहिले तर त्याला कूज लागत नाही, पण बंद पोकळीत ते तेवढे खाली येतच नाही.

थंड देशाचा नियम, दमट देशातला घोळ

यातली मोठी चूक नकलेतून आली आहे. छपराखालच्या खोल्यांच्या उष्णतारोधनाचे तंत्र वाढले ते कॅनडा, उत्तर युरोप आणि उत्तर अमेरिका अशा थंड प्रदेशांत. तिथे हिवाळ्यात घर आतून उबदार आणि दमट असते, बाहेरची हवा गोठलेली आणि कोरडी. वाफ आतून बाहेर जायला बघते. म्हणून तिथला नियम असा की वाफ अडवणारे पटल उष्णतारोधकाच्या आतल्या, म्हणजे खोलीकडच्या बाजूला लावावे.

कोकणात, गोव्यात, मुंबईत एसी चालू असलेल्या खोलीत सगळे उलटे असते. बाहेर उष्ण आणि दमट, आत थंड आणि कोरडे. वाफ बाहेरून आत यायला बघते. इथे वाफ अडवायची ती बाहेरच्या बाजूला आणि आतली बाजू वाळती ठेवायची. पण बाजारातले पीव्हीसी पॅनेल, व्हिनाइलचा वॉलपेपर आणि तेलरंग या सगळ्या गोष्टी आतल्या बाजूलाच वाफ कोंडतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडासारख्या दमट राज्यांतल्या हॉटेलांनी हा धडा महागात घेतला. तिथे एसी खोल्यांच्या भिंतींवर लावलेल्या व्हिनाइल वॉलपेपरमागे बुरशीचे थर सापडत गेले आणि वॉलपेपर उतरवून खोल्या पुन्हा करण्याची वेळ आली. आपल्याकडे तोच प्रयोग नव्याने चालला आहे, तोही घरमालकाच्या खर्चाने.

छातीत काय जाते?

ओल ही दिसण्याची, रंगाच्या खर्चाची बाब समजली जाते. ती आधी श्वासाची बाब आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. ओलसर घरात राहणे आणि दमा बळावणे, घरघर, खोकला, धाप, श्वसनमार्गाचे संसर्ग यांचा संबंध असल्याचा पुरेसा पुरावा आहे, असे तिच्यात म्हटले आहे. युरोप, उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया, भारत आणि जपान या प्रदेशांत १० ते ५० टक्के घरांत आणि इमारतींत ओल असावी, असा अंदाजही तिच्यात आहे. बुरशीची अमुक मात्रा सुरक्षित, अशी रेषा मात्र संघटनेने आखलेली नाही. तिचा सल्ला सरळ आहे. ओल होऊ देऊ नका आणि झाली तर हटवा.

इथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. एक, भिंतीवरचे काळे डाग म्हणजे २०२१ मध्ये सगळ्यांच्या तोंडी झालेली ‘काळी बुरशी’ नव्हे. तो म्युकरमायकोसिस हा संसर्ग वेगळा. अनियंत्रित मधुमेह आणि खालावलेली प्रतिकारशक्ती ही त्याची मुख्य कारणे. दोन, प्रत्येक डागामुळे प्रत्येकाला दमा होत नाही. पण ज्याला दमा किंवा ॲलर्जी आहे, जे मूल लहान आहे, जे वृद्ध दिवसभर त्याच खोलीत पडून असतात, त्यांच्यासाठी ती हवा रोजचा त्रास असते. ओलीबरोबर बुरशीचे बीजकण येतात आणि गादीतले धुळीतले सूक्ष्म किडेही फोफावतात. ७० ते ८० टक्के आर्द्रता त्यांना फार मानवते.

इंग्लंडमधल्या रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचा एक मुलगा श्वसनाच्या विकाराने दगावला. भाड्याच्या सदनिकेतल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने हा मृत्यू ओढवला, असा निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूचौकशी अधिकाऱ्यांनी काढला. त्याच्या वडिलांनी तक्रार केली तेव्हा त्यांना डागांवर रंग मारायला सांगण्यात आले होते. त्या मुलाच्या नावाने ओळखली जाणारी ‘अवाब्ज लॉ’ ही तरतूद २०२३ च्या कायद्यात आली आणि ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. सामाजिक गृहनिर्माणातल्या घरमालकांना आता ओलीच्या गंभीर तक्रारींची ठरावीक मुदतीत चौकशी आणि दुरुस्ती करावी लागते. ‘रंग मारा’ हा सल्ला किती महाग पडू शकतो, हे एका देशाला अशा रीतीने कळले.

आपल्याकडे तो सल्ला रोज दिला जातो. मूल वारंवार घरघरते म्हणून दवाखान्यात आणले की धूळ, थंड पदार्थ, पाळीव प्राणी यांची चौकशी होते. ‘मूल झोपते त्या खोलीत ओल आहे का, कुबट वास येतो का?’ हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो प्रत्येक बालरोगतज्ज्ञाच्या आणि फॅमिली डॉक्टरच्या केसपेपरावर छापलेला असायला हवा. औषध चालू आहे आणि कारण उशाशी आहे, अशा स्थितीत इनहेलर किती पुरणार?

चाळीतला पोटमाळा

गावच्या माळ्याची गोष्ट निदान ज्यांच्याकडे माळा करायला पैसे आहेत त्यांची आहे. मुंबईतल्या चाळींत आणि वस्त्यांत पोटमाळा ही हौस नसते. दहा बाय बाराच्या खोलीवर फळ्या टाकून केलेली ती दुसरी खोली असते. मुले तिथे अभ्यास करतात, रात्रपाळीचा माणूस दिवसा तिथेच झोपतो. वर हातभर अंतरावर पत्रा. उन्हाळ्यात तो भट्टीसारखा तापतो, पावसाळ्यात खालच्या शेगडीची वाफ, मोरीतला दमटपणा आणि दोरीवरचे ओले कपडे यांचा सगळा ओलावा त्या हातभर पोकळीत गोळा होतो. पहाटे पत्रा थंड झाला की त्याला खालून घाम येतो आणि अंथरुणावर थेंब पडतात. घरचे समजतात पत्रा गळतो आहे, म्हणून वर ताडपत्री टाकतात. ताडपत्रीने हवेची उरलीसुरली फट बंद होते आणि थेंब वाढतात.

इथे महागडे काही लागत नाही. शेगडीच्या वर, बाहेर हवा फेकणारा छोटा पंखा हवा. पत्र्याच्या उंच टोकाला पाऊस न येईल अशी झाकलेली हवेची वाट हवी. पत्र्याला वरून पांढरा परावर्तक रंग दिला तर उन्हाचा बराच भाग आल्या वाटेने परत जातो. तेलंगणाने २०२३ मध्ये ‘कूल रूफ’ धोरण आणले ते याच तत्त्वावर. पत्रा जुना ॲस्बेस्टॉसचा असेल तर मात्र तो घासू नये, त्याला भोके पाडू नयेत, कारण त्याचे तंतू फुप्फुसांना घातक असतात. या उपायांचा खर्च एका एसीच्या किमतीच्या तुलनेत किरकोळ आहे. घरांच्या उष्णतेवर सार्वजनिक पैसा खर्च व्हायचा असेल तर तो या पोटमाळ्यांपासून सुरू व्हावा.

वरच्या मजल्याची तक्रार

इमारतीच्या शेवटच्या मजल्याचे दुखणे याच जातीचे. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत ओकतो. म्हणून खालून थर्माकोल लावून वर फॉल्स सीलिंग केले जाते. स्लॅबला पाणी लागलेले असेल तर हा उपाय धोक्याचा. आत सळ्या गंजत राहतात, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, काँक्रीट फुटते आणि ते पोपडे फॉल्स सीलिंगवर साचत जातात. घरमालकाला कळते तेव्हा उशीर झालेला असतो. साधे थर्माकोल आगीलाही लवकर बळी पडते, ही आणखी एक गोष्ट.

योग्य जागा स्लॅबच्या वर आहे. आधी भेगा आणि कोपरे नीट करून पाणीरोधक थर, त्यावर पाणी न पिणारे घट्ट फोमचे तक्ते, त्यावर उताराचा कोबा आणि शेवटी पांढऱ्या तुकड्यांची फरशी किंवा परावर्तक रंग. असे केले की स्लॅब तापतच नाही. तो तापणे-निवणे कमी झाले की भेगाही कमी पडतात, म्हणजे गळतीचे एक कारणच उरत नाही. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये आणलेल्या ‘इको निवास संहिते’त छतातून उष्णता शिरण्याची मर्यादा दर चौरस मीटरला, दर अंशामागे १.२ वॉट अशी घातली आहे. साध्या उघड्या स्लॅबची ही संख्या तीनच्या पुढे जाते. संहिता कागदावर चांगली आहे. फ्लॅट घेणाऱ्या किती जणांनी बिल्डरला हा आकडा विचारला असेल?

गळतीचा खर्च कोणाचा, यावर गृहनिर्माण संस्थांत वर्षानुवर्षे भांडणे चालतात. आदर्श उपविधी याबाबत स्पष्ट आहेत. गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याने शेवटच्या मजल्यावरचे छत आणि गिलावा खराब झाला तर दुरुस्ती संस्थेने करायची. नव्या इमारतीत ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला तर रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो. तरीही वार्षिक सभेत शेवटच्या मजल्यावरचा सभासद म्हणजे कटकट, अशीच वागणूक मिळते. गच्ची सगळ्यांची आणि गळती एकट्याची, हा हिशेब न्यायाचा नाही आणि शहाणपणाचाही नाही. आज त्याच्या छतातून टपकणारे पाणी उद्या सगळ्या इमारतीच्या सळ्या खाणार असते.

क्रम चुकू नये

मग माळ्याची खोली करायची तर कशी? पहिला पावसाळा काहीही न करता तो पाहण्यात घालवावा. कुठे कौल सरकते, कुठे पन्हळ तुंबते, झड कोणत्या भिंतीवर बसते, हे टिपून ठेवावे. मग फुटकी कौले बदलावीत, वळचण पुरेशी पुढे काढावी आणि झडीच्या भिंतीला बाहेरून फळ्यांचे किंवा पत्र्याचे आवरण द्यावे, मध्ये पोकळी सोडून. कौलांखालची फॉईल किंवा पटल थेट वळचणीबाहेर पन्हळीपर्यंत न्यावे. अनेक घरांत ते भिंतीच्या आतच संपते आणि कौलांतून ठिबकलेले पाणी बरोबर भिंतीच्या डोक्यावर सोडते. कौले आणि पटल यांच्यात हवा खेळेल अशी जागा वळचणीपासून आढ्यापर्यंत मोकळी हवी. हे झाले पाण्याचे.

वाफेसाठी पटलाचे सगळे जोड पट्टीने बंद करावेत. उष्णतारोधक त्याच्या लगेच खाली, फट न ठेवता बसवावे. आतून पीव्हीसी किंवा व्हिनाइल टाळावे. लाकडी फळी, साधे जिप्सम, चुन्याचा गिलावा यांतून ओल वाळू शकते. चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटचा घट्ट गिलावा देऊन तिचा श्वास कोंडू नये. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांची वाफ पंख्याने थेट घराबाहेर काढावी, माळ्यात सोडू नये. एसी २५-२६ अंशांवर चालवावा आणि तो चालू असताना खिडक्या बंद ठेवाव्यात. भर पावसात ‘हवा खेळू दे’ म्हणून खिडक्या उघडल्या तर खोली वाळत नाही, उलट ओलावते. उघडीप असेल, बाहेर ऊन असेल तेव्हाच त्या उघडाव्यात. काहीशे रुपयांचे आर्द्रता दाखवणारे यंत्र भिंतीवर टांगले तर हा अंदाज डोळ्यांना दिसतो. आकडा आठवडेच्या आठवडे ७०-७५ च्या वर राहिला तर बुरशी येणार हे धरून चालावे.

डाग आलेच असतील तर ते रंगाखाली पुरू नयेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे मार्गदर्शन असे की भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवावी, म्हणजे बहुधा बुरशी धरत नाही. एकदा बुरशी मुरलेले जिप्समचे छत, गादी, गालिचा वाचवत बसू नये, काढून टाकावे. औषध मारून बुरशी मेली तरी तिचे कण ॲलर्जी करतच राहतात.

हा सगळा क्रम खर्चिक वाटेल. पण त्यातला मोठा भाग वेळेचा आणि लक्षाचा आहे, पैशाचा कमी. उलट आधी एसी, मग पॅनेल, मग केमिकल, मग दर वर्षी रंग आणि शेवटी नवे छप्पर, हा मार्ग जास्त महाग पडतो. त्यात दवाखान्याचे बिल धरलेलेच नसते.

काही अपेक्षा इतरांकडूनही आहेत. पर्यटकांना खोल्या देणाऱ्या घरांची नोंदणी करताना बुरशी आणि हवेची वाट यांची तपासणी व्हावी. उष्णतारोधक विकणाऱ्याने त्याची जाडी सांगतो तशी वाफ कुठे अडवायची हेही लिहून द्यावे आणि हमीपत्रात रंगाबरोबर ओलीचाही उल्लेख असावा. गवंडी आणि सुतार यांच्या प्रशिक्षणात दवबिंदू हा शब्द यावा. तो अवघड नाही. बाटलीला घाम का येतो हे ज्याला समजते, त्याला माळा का कुजतो हेही समजते.

पूर्वीची माणसे पावसाआधी घर शाकारून घेत. त्यांना दवबिंदू मोजता येत नव्हता, पण पाणी आले तर त्याला जायला वाट ठेवावी लागते एवढे त्यांना पक्के ठाऊक होते. आज हातात फॉईल आहे, फोम आहे, एसी आहे आणि आर्द्रतेचा आकडा दाखवणारे यंत्रही आहे. एवढे सगळे असताना पोर पहाटे खोकत उठत असेल, तर त्याचे खापर कोकणच्या पावसावर फोडता येणार नाही.